आक्काला बागेत नेण्याची कवायत

माणसाला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणणं ही माझ्या दृष्टीनं अगदी किरकोळ बाब आहे. माझी सगळी हयात अग्निशामक दलात गेली. मी माणसं खाली आणली, माणसांच्या सासवा खाली आणल्या. एका बाईंना कपाट सोडवेना, तेव्हा त्यांना कपाटात बसवून कपाटासकट आणलं, रस्त्यावर टेकवल्यावर त्यांनी आतून विचारलं, "मजला कितवा?" एका न्यायाधीशांनी झोपमोड होईल म्हणून उठायला साफ नकार दिला. त्यांना गादीसकट आणावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते फुटपाथवर जागे होऊन दात घासायला निघाले. या गोष्टी मी सांगतो तेव्हा लोक "वा वा" म्हणतात. लोक सभ्य असतात.

आमची आक्का सभ्य नाही. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती टेलिफोन खात्यात होती. जन्मभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळं कुणाचं किती खरं धरायचं हे तिला आवाजावरूनच कळतं. माझी गोष्ट ऐकताना ती फक्त "पुढे?" म्हणते. पण ते "पुढे?" असं म्हणते की कपाटातल्या बाई माझ्याच डोळ्यांसमोर विरघळायला लागतात. तरी मी गोष्टी सांगतो तिलाच. सभ्य माणसांना गोष्ट सांगण्यात काही राम नाही. मन लावून अविश्वास दाखवायला माणूस घरचाच लागतो.

म्हणूनच भाचा, म्हणजे आक्काचा मुलगा, आमच्याच घरात, आमच्याच खुर्चीवर बसून, आमचाच चहा पीत "मी आईला घेऊन जातो" असं म्हणाला, तेव्हा माझा कप बशीवर खट्‌कन आपटला. तो लांबच्या गावी नोकरीला. रजा काढून आला होता आणि येताना सोमवारची परतीची दोन तिकिटं काढूनच आला होता.

"मामा, तुम्ही तिला जपलंत, मला कळतं," तो म्हणाला. "पण ती जिन्यावरून पडली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. खिडकीत बसते, पेपर वाचते, झोपते. माझ्याकडे तळमजला आहे. एक पायरी नाही."

"उतरली नाही म्हणजे उतरवता येत नाही असं नव्हे," मी म्हणालो.

"मग दोन वर्षांत उतरवली का नाही कुणी?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो. "रविवारी आपण सगळे मोठ्या बागेत जायचं! आक्कासकट! दिवसभर! डबे घेऊन! तू फक्त बघ."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुझी दोन्ही तिकिटं वापर."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. ती आमची बायको. ती बोलत नाही, भांडी पाडते. चिरंजीवानं पेपर तोंडापुढं धरला. उचलायचं कुणाला लागणार हे त्याला दिसत होतं. मग आतल्या खोलीतून आक्काचा आवाज आला, "बागेतल्या तळ्यात अजून बदकं आहेत का रे?"

"आहेत तर!" मी म्हणालो. मला काही माहीत नव्हतं.

"पुढे?" आक्का म्हणाली.

एकदा ठरलं की मी काम शिस्तीत करतो. आमच्या खात्यात प्रत्येक गोष्टीची कवायत असते. दिवाणखान्यातली हातांची लाकडी खुर्ची मी पुढं ओढली. दोन माणसं, एक वर, एक खाली, वरच्यानं पाठ धरायची, खालच्यानं पुढचे पाय, खुर्ची मागं कलती, शिट्टीवर पाऊल. खुर्चीला पट्टे हवे होते, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याला वर बोलावलं. शिंपी काटकुळा, पण कामाचा पक्का. त्यानं आक्काच्या खांद्याचं माप घेतलं, कमरेचं घेतलं, खुर्चीच्या पाठीचंही घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "अस्तर लावू का?"

"लावा," आक्का म्हणाली. "आणि एक खिसाही ठेवा. चष्म्याला."

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहतात. जन्मभर डॉक्टरांच्या पाठीमागं उभे राहिल्यामुळं डॉक्टर नसताना त्यांच्या अंगात डॉक्टर शिरतो. शिंपी वर गेलेला पाहून तेही आले. "पेशंटला उपाशी न्यायचं नाही," ते म्हणाले. "पोटभर खाऊनही न्यायचं नाही. डोकं खाली नको, पाय वर नकोत. आणि मुख्य म्हणजे वाटेत तिला बोलतं ठेवा."

"तिला गप्प ठेवायचं औषध असेल तर द्या," मी म्हणालो. कंपाउंडरांनी ते मनावर घेतलं आणि विचारात पडले.

पहिली तालीम शुक्रवारी सकाळी झाली. आक्काला तालमीत बसवणं योग्य नव्हतं, म्हणून आक्काच्या वजनाचं बटाट्याचं पोतं आणलं. बायकोनं विचारलं, "वजन कसं काढलंत?" मी म्हणालो, "अनुभवानं." पोतं खुर्चीत बसवून पट्टे आवळले. उघडं पोतं घेऊन उतरणं बरं दिसेना, म्हणून त्याच्या खांद्यावर आक्काची राखाडी शाल लपेटली आणि वर डोक्याच्या जागी थोडी ओढून घेतली. मी वर, चिरंजीव खाली. शिट्टी. पाऊल. शिट्टी. पाऊल. जिन्याच्या दर वळणावर मी पोत्याला "घाबरू नका" म्हणत होतो. कवायतीत ते म्हणावंच लागतं.

तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचं दुकान आहे. जिन्याच्या पायाशीच त्यांचं टेबल. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळात बुडालेले होते. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं: शाल पांघरलेली, पट्ट्यांनी बांधलेली, मान कलंडलेली आक्का, वर मी, शिट्टी तोंडात, खाली चिरंजीव, घामानं चिंब आणि चेहरा पडलेला. घड्याळवाले उठले. त्यांनी भिंग काढलं, टोपी काढली आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "कधी गेल्या?"

माझ्या तोंडात शिट्टी असल्यामुळं उत्तर म्हणून शिट्टीच वाजली. ती पावलाची खूण समजून चिरंजीवानं पाऊल टाकलं. माझं पाऊल पडलं नाही. खुर्ची पुढं झुकली आणि पोत्याचं तोंड सुटलं.

बटाटे फार गडगडतात. हे मला खात्यात कुणी शिकवलं नव्हतं. घड्याळवाल्यांनी दुखवट्यात काढलेली टोपी तशीच हातात धरून डोक्यावर बटाटे झेलले. आवाज ऐकून कंपाउंडर खाली धावले, एका बटाट्यावर त्यांचं पाऊल पडलं आणि ते उरलेल्या पायऱ्या बसूनच उतरले. एवढ्यात वरून, तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून, आक्काचा आवाज आला, "कोण गेलं रे?"

घड्याळवाले वर बघत उभे राहिले. "या तर आहेत," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडी नाराजी होती असं मला वाटलं. त्यांनी दुखवटा म्हणून दुकानाची अर्धी फळी लावलेलीसुद्धा होती.

दुसऱ्या तालमीला बटाटे नकोत, माणूस हवा असं ठरलं. बायको म्हणाली, "मी नाही बसणार. माझ्यावर अजून घर आहे." कंपाउंडर कमरेला शेक घेत पडले होते. शेवटी शिंपी बसला. त्याचं म्हणणं असं, की पट्टे आपण शिवले, तर आपणच घालून बघायला हवेत. तो इतका हलका होता की आम्ही त्याला वाऱ्यासारखा खाली आणला. तळाशी पोचला की तो पट्टे सोडायचा, उठायचा, टणाटण उड्या मारत वर यायचा आणि पुन्हा खुर्चीत बसायचा. "अजून एकदा," तो म्हणायचा. त्याला फार आवडलं. संध्याकाळी त्यानं बायकोलाही आणून बसवलं. भाचा दारात उभा राहून हे सगळं बघत होता आणि काही बोलत नव्हता. बोलत नाही म्हणजे मनात हरतोय, असा मी अर्थ काढला.

शनिवारी मी बागेच्या कचेरीत गेलो. कुठल्याही मोहिमेआधी जागेची पाहणी करतात. कचेरीत एक अधिकारी बसले होते. त्यांच्यामागं बागेचा मोठा नकाशा होता आणि नकाशात जेवढं हिरवं होतं तेवढं खोलीत कुठंच नव्हतं.

"उद्या आम्ही घरची माणसं येणार आहोत," मी म्हणालो. "वयस्कर बहीण आहे. तळ्याजवळ सावलीची जागा राखून मिळेल का?"

"कार्यक्रमाचं स्वरूप?"

"गवतावर बसणं."

"नुसतं?"

"मध्ये जेवणं. मग पुन्हा बसणं."

"निमित्त काय?"

निमित्त काय सांगणार? भाच्यानं दोन तिकिटं काढली आहेत हे निमित्त खरं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. "निमित्त काही नाही," मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "निमित्त नसेल तर जागा राखता येत नाही. राखीव जागा कार्यक्रमांनाच. तुम्ही नुसते बसणारे. नुसते बसणाऱ्यांनी कुठंही बसावं."

"मग आम्ही तळ्याजवळ बसू."

"तळ्याजवळची जागा कार्यक्रमांसाठी राखीव आहे."

"उद्या तिथं कार्यक्रम आहे?"

"नाही. म्हणून ती मोकळी ठेवली आहे."

उठता उठता मी विचारलं, "तळ्यात बदकं आहेत का?"

"तो विभाग वेगळा," ते म्हणाले.

रविवार उजाडला. आक्का पहाटेच उठून तयार होती. तिनं कडक इस्त्रीची साडी नेसली होती, केस घट्ट बांधले होते, आणि कामावर जाताना न्यायची ती काळी पर्स कपाटातून काढून पुसून मांडीवर घेतली होती. खुर्चीत बसल्यावर तिनं स्वतःच पट्टे लावले आणि चष्मा खिशात घातला. जिन्याच्या तोंडाशी आल्यावर मात्र तिनं डोळे मिटून घेतले. खुर्चीचे हात तिनं घट्ट धरले.

"घाबरू नका," मी सवयीनं म्हणालो.

"मी बटाटा नाही," आक्का डोळे न उघडता म्हणाली. "चल."

आता इथं मला खोटं बोलायचं कारण नाही. ती उतरण माझ्या नोकरीतली सर्वांत सुंदर उतरण होती. खुर्ची कुठं भिंतीला घासली नाही, कुठं डुगडुगली नाही. दर मजल्यावर दारं उघडी होती. शिंपी-शिंपीण पहिल्या मजल्यावर हात जोडून उभे होते, जणू त्यांच्या पट्ट्यांचं उद्घाटन चाललं होतं. घड्याळवाल्यांनी या वेळी टोपी घातलेलीच ठेवली. खाली पोचल्यावर आक्कानं डोळे उघडले आणि रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "समोरचं दुकान कधी गेलं?" तिनं विचारलं. ते दुकान जाऊन वर्ष झालं होतं. आमच्या खिडकीतून दिसतो तो मागचा रस्ता.

भाच्यानं मान फिरवली. मी मात्र त्याच्याकडे विजयी नजरेनं बघितलं. मोहीम जिंकली होती.

भाड्याच्या गाडीच्या टपावर खुर्ची बांधून आम्ही बागेच्या फाटकाशी पोचलो आणि आक्काला पुन्हा तीत बसवलं. फाटकावर पहारेकरी होता. त्यानं खुर्ची बघितली आणि पाटीकडे बोट केलं. पाटीवर काय काय आणू नये याची लांबलचक यादी होती आणि तिच्या शेवटी फर्निचर होतं.

"हे फर्निचर नाही," मी म्हणालो. "माणूस बसलेला असताना हे वाहन ठरतं."

"वाहनांनाही बंदी आहे," पहारेकरी म्हणाला. त्यानं हे अगदी सौम्यपणे सांगितलं, म्हणून जास्तच लागलं.

मी खात्याचं ओळखपत्र काढायला खिशात हात घातला, तोवर आक्का पट्टे सोडून उठली. सपाट जमिनीवर ती काठी घेऊन नीट चालते. घरात दोन वर्षं तेच तर करत होती. "खुर्ची तुमच्याकडे राहू द्या," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "बसा हवं तर. पट्ट्यांना अस्तर आहे." आणि ती चालू लागली. आम्ही सगळे डबे, सतरंज्या, थर्मास घेऊन तिच्या मागोमाग. मी वळून पाहिलं तेव्हा पहारेकरी खरंच बसला होता आणि पट्ट्याचा खिसा चाचपत होता.

बदकं होती. हे मी सर्वांच्या आधी जाहीर केलं. आक्का तळ्याच्या काठाशी, त्या कार्यक्रमांसाठी मोकळ्या ठेवलेल्या गवतावर बसली. आम्हाला कुणी उठवलं नाही, कारण उठवणारा विभागही बहुधा वेगळा असावा. तिनं चपला काढल्या आणि तळपाय गवतात रुतवले. बटाट्याच्या उकडलेल्या फोडी, बटाट्याची भाजी, बटाटा घातलेले पाव असे डबे निघाले. त्या पोत्याचं काहीतरी करायलाच हवं होतं.

"मामा," भाचा म्हणाला, "मानलं. आणलंत तुम्ही."

मी पावाचा तुकडा तोंडात टाकून विनयानं हात हलवला. आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडे गवताला पाणी घालणाऱ्या माळ्याच्या हातून नळी सुटली. नळी गवतावर सापासारखी वळवळायला लागली. माझी हयात नळ्या धरण्यात गेलेली. मी उठलो, धावलो, झेप घेतली आणि नळी पकडली. आता खात्याच्या नळीला एवढा जोर असतो की ती पकडायला दोन माणसं लागतात. मी त्याच हिशोबानं पाय रोवले, अंग झोकलं. बागेच्या नळीला तसला जोर नव्हता. मी सबंध वर्तुळात फिरलो, आणि नळीही माझ्याबरोबर फिरली. बायको भिजली, चिरंजीव भिजला, डबे भिजले. भाचा मात्र उभा होता, त्यामुळं तो मानेपासून गुडघ्यापर्यंत भिजला.

माळी नळ बंद करायला गेला. मग एक आवाज आला. आम्ही बघितलं तर आक्का हसत होती. तोंडाला पदर लावून नव्हे, मोकळ्या तोंडानं. तिचे खांदे हलत होते. "कपाटातल्या बाई," ती हसता हसता म्हणाली, "कपाटातल्या बाईंना आता मी खरं मानते. असल्याच माणसानं आणलं असणार त्यांना."

भाचा शर्ट पिळता पिळता थांबला आणि आईकडे बघत राहिला. रजेवर आल्यापासून त्यानं तिला हसताना पाहिलं नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा आम्ही निघालो. पहारेकरी खुर्चीत झोपला होता. त्याला उठवून खुर्ची घ्यावी लागली. घरी पोचलो. आक्काला खुर्चीत बसवलं, पट्टे लावले, मी वरच्या बाजूला उभा राहिलो, चिरंजीव खालच्या. मी शिट्टी तोंडात घातली. आणि तिथं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, माझ्या लक्षात आलं की आता वर जायचं आहे.

आगीतून माणूस काढला की तो खालीच राहतो. वर जायला वर काही उरलेलंच नसतं. खात्यानं मला माणसं उतरवायचे जितके प्रकार आहेत तितके शिकवले, पण "साहेब, आता यांना परत वर नेऊन ठेवा" असं मला कुणी, कधी, कुठल्याही आगीत म्हणालं नव्हतं. पोत्यातले बटाटे आम्ही एकेक करून वर नेले होते. शिंपी आपल्या पायांनी उड्या मारत गेला होता.

"बाबा, शिट्टी," चिरंजीव म्हणाला.

मी वाजवली. आम्ही उचललं. उतरताना वजन माणसाच्या हातात आपणहून येतं. चढताना ते हातातून निघून जायला बघतं, आणि सगळं खालच्या माणसाच्या छातीवर. चार पायऱ्यांवर चिरंजीवाचा चेहरा जांभळा झाला. पाचवीवर आक्काची चप्पल गळून पडली. सहावी आम्ही बघितलीच नाही. खुर्ची पुन्हा खाली टेकली.

इमारत गोळा झाली. कंपाउंडर कमरेला हात लावून म्हणाले, "पेशंटला उलटं बसवून न्या." घड्याळवाल्यांनी सुचवलं की गच्चीवर कप्पी बांधावी, एका बाजूला खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन लटकवावं, भिंतीवरच्या घड्याळात असतं तसं, आणि त्यांनी वजनाच्या दृष्टीनं कंपाउंडरांकडे बघितलं. शिंपी म्हणाला, "पट्टे टिकतील. माणसांचं मी सांगत नाही." मी पुन्हा एकदा प्रयत्न करायला वाकलो तर बायकोनं माझा दंड धरला. या वेळी तिनं भांडं पाडलं नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

भाचा पुढं आला. त्याचा शर्ट अजून ओला होता. तो माझ्यावर हसला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, राहू द्या. आजच्या दिवस खालीच कुठं झोपायची सोय बघू. आई आता उतरलीच आहे. उद्या इथूनच स्टेशनला जाऊ."

त्याचं अगदी बरोबर होतं. आक्का जाऊ नये म्हणून मी जी एवढी मोहीम काढली, तिनं आक्काला नेमकं त्याच्या गाडीच्या वाटेवर आणून बसवलं होतं. तिसरा मजला हीच काय ती त्याची अडचण होती, आणि ती मी शिट्टी वाजवून दूर केली होती. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. सांगायला एकही गोष्ट सुचेना.

"सोड हे," आक्का म्हणाली, आणि स्वतःच पट्टे सोडले.

"आई, कुठं निघालीस?"

"घरी." ती उठली, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात कठड्यावर ठेवला.

"आई! जिना आहे तो!"

"दिसतोय मला." तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरा त्याच्या शेजारी आणला. "उतरताना खालची पोकळी दिसते. पडले त्या दिवशी दिसली होती तीच. सकाळी डोळे मिटून आले. चढताना काय, पुढची पायरी दिसते."

"मग एवढी दोन वर्षं बोलली का नाहीस?" मी ओरडलो.

"कुणी विचारलं होतं?" आक्का दुसऱ्या पायरीवर होती. "आणि चढायला आधी खाली असावं लागतं ना."

अशी ती वरात निघाली. पुढं आक्का, एक पायरी, मग तीच पायरी दुसऱ्या पायानं. तिच्या एक पायरी मागं भाचा, दोन्ही हात पसरून. नसलेलं कपाट उचलल्यासारखा. त्याच्या मागं डबे, सतरंज्या, घड्याळवाले, कंपाउंडर. आणि मी? खात्यात ज्याच्या नावानं कवायती व्हायच्या तो मी, रिकामी खुर्ची डोक्यावर घेऊन सर्वांच्या पुढं चाललो होतो, दर वळणावर ती मांडून ठेवायला. आक्का येऊन बसायची, दम खायची, पुन्हा उठायची. शिट्टी माझ्या खिशात होती. मागितली नाही कुणी.

पहिल्या मजल्यावर शिंपिणीनं पाणी दिलं. दोन वर्षं एका इमारतीत राहून त्या दोघी एकमेकींशी निवांत बोलल्या नव्हत्या. शिंपिणीच्या नातवाचे दुधाचे दात पडले होते आणि नवे यायला लागले होते, हे आक्काला तिथं कळलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. तिथल्या एका पायरीचा कोपरा तुटलेला आहे. तिनं त्यावर काठी टेकवली.

"हीच ना?"

"हीच," कंपाउंडर म्हणाले. त्या दिवशी तेच प्रथम धावले होते.

भाच्याचे पसरलेले हात तिच्या पाठीला जवळजवळ टेकले. आक्का त्या पायरीकडे बघत राहिली, फोनवर कुणी खोटं बोलत असताना बघत असेल तशी. मग ती पायरी चढून पुढं गेली.

तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारासमोर मी खुर्ची शेवटची मांडली. आक्का येऊन बसली. तिचा श्वास जोरात चालला होता, चेहरा लाल झाला होता, आणि काळी पर्स अजून काखेत होती. ती आत गेली नाही. तिथंच बसून, जिन्याकडे तोंड करून, खाली बघत राहिली, डोळे न मिटता. भाचा वरच्या पायरीवर मटकन बसला.

मग आक्कानं विचारलं, "तुझ्याकडे पायऱ्या किती म्हणालास?"

"एकही नाही, आई."

"मग तिथं मी काय चढू?"

भाच्यानं ओल्या खिशातून दोन्ही तिकिटं काढली आणि एकमेकांना चिकटलेली ती सोडवायला लागला.